हातातल्या संगणकाची किल्ली कोणाकडे?

आपल्या खिशात जे असते त्याला आपण मोबाईल म्हणतो. खरे तर तो संगणक आहे. त्यात प्रोसेसर आहे, मेमरी आहे आणि या सगळ्यावर हुकूम चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम आहे. फोन लावणे हे त्याच्या अनेक कामांपैकी एक काम. शिष्यवृत्तीचा अर्ज, जातपडताळणीची कागदपत्रे, स्पर्धा परीक्षेच्या नोट्स, मोर्चाचे फोटो, कार्यकर्त्यांचे नंबर असे आपले निम्मे आयुष्य या हातातल्या संगणकात साठलेले आहे. मग प्रश्न असा, की हा संगणक नेमका कोणाचा? पैसे आपण मोजले, बिल आपल्या नावाचे. पण त्यात काय चालावे, काय चालू नये आणि तो किती वर्षे जगावा, हे कोण ठरवते?

हा प्रश्न आम्हाला पुस्तकातून सुचला नाही. आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या मुलामुलींकडे बहुतेक जुनेच फोन आहेत. कोणाला मोठ्या भावाचा मिळालेला, कोणी सेकंडहँड घेतलेला. त्यातल्या एका मुलीचा फोन दिसायला धडधाकट होता. स्क्रीन शाबूत, बॅटरी नुकतीच बदललेली. पण कंपनीने त्याचे अपडेट कधीच बंद केले होते आणि अर्ज भरण्यासाठी लागणारे ॲप त्या जुन्या आवृत्तीवर उघडत नव्हते. दुकानदार म्हणाला, "नवा घ्या." नवा घ्यायचा म्हणजे तिच्या वडिलांची महिनाभराची मजुरी. यंत्रात काहीही बिघाड नसताना केवळ कंपनीने हात वर केले म्हणून ते भंगारात काढायचे, हे आम्हाला पटेना.

आम्ही दुसरा मार्ग धरला. अँड्रॉइडचा गाभा म्हणजे लिनक्स कर्नल. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेले हे काम आज जगभरातले हजारो लोक मिळून पुढे नेतात. त्यावर उभ्या असलेल्या अँड्रॉइडचाही मोठा भाग मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कोणीही वाचू शकतो, बदलू शकतो. या कोडच्या आधारावर लिनिएज ओएस नावाची ऑपरेटिंग सिस्टीम स्वयंसेवक तयार करतात. सायनोजेनमॉड हा आधीचा प्रकल्प २०१६ च्या अखेरीस बंद पडला, तेव्हा त्याच कोडमधून हा प्रकल्प उभा राहिला. कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेल्या कित्येक फोनना तो अँड्रॉइडची नवी आवृत्ती देतो. त्या मुलीचे मॉडेल यादीत होते. एका रविवारी आम्ही कामाला बसलो.

काम अवघड नाही, पण ते शिस्तीने करावे लागते. पहिली गोष्ट, फोनचे नेमके मॉडेल आणि त्याचे सांकेतिक नाव तपासणे. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या दोन फोनचे अंतरंग वेगळे असू शकते आणि चुकीची फाइल टाकली तर फोन कायमचा बंद पडू शकतो. दुसरी गोष्ट, सगळ्या माहितीची प्रत दुसरीकडे ठेवणे, कारण बूटलोडर उघडताना फोनमधले सगळे पुसले जाते. तिसरी गोष्ट, फाइल प्रकल्पाच्या अधिकृत ठिकाणाहूनच उतरवणे आणि तिचा चेकसम जुळवून पाहणे. चेकसम म्हणजे फाइलचा अंगठा. एक अक्षर जरी बदलले असेल तरी तो जुळत नाही.

मग फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा बोट टेकवले की डेव्हलपर पर्याय खुले होतात. तिथे 'ओईएम अनलॉकिंग' सुरू करायचे, फोन केबलने संगणकाला जोडायचा आणि फास्टबूटमधून बूटलोडर उघडायचा. त्यानंतर नवी रिकव्हरी टाकायची, जुनी सिस्टीम पुसायची आणि नवी साइडलोड करायची. आमचा पहिला तास तर फोन संगणकाला दिसतच नव्हता म्हणून वाया गेला. शेवटी कळले, की आणलेली केबल फक्त चार्जिंगची होती, तिच्यातून डेटा जातच नव्हता! दुसरी केबल आणली आणि संध्याकाळपर्यंत फोन नव्या आवृत्तीवर सुरू झाला. अर्जाचे ॲपही उघडले. आम्ही एक नियम मात्र पाळला. आज्ञा टाइप करणारे हात त्या मुलीचेच असतील. आम्ही शेजारी बसून वाचून दाखवायचे, करायचे तिने.

त्याच दिवशी दुसरा एक मुलगा आपला फोन घेऊन आला. तो मुलीच्या फोनपेक्षा नवा होता. पण त्यात 'ओईएम अनलॉकिंग' हा पर्याय करड्या रंगात निपचित पडलेला. बोट टेकवून उपयोग नाही. कंपनीच्या मदत केंद्राला विचारले तर उत्तर आले, की धोरणानुसार अशी सोय दिली जात नाही. म्हणजे आत लिनक्सच आहे, कोड जगासाठी खुला आहे, पण या मुलाच्या हातातल्या यंत्रावर तो बदलून चालवता येणार नाही. आमच्या मते मुख्य प्रश्न इथे आहे.

लिनक्स कर्नल जीपीएल या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली दिला जातो. जो कोणी तो वाटतो, विकतो, त्याने घेणाऱ्याला कोडही उपलब्ध करून दिला पाहिजे, अशी त्याची अट आहे. कागदावर हक्क पक्का आहे. पण फोन सुरू होताना बूटलोडर कंपनीची डिजिटल सही तपासतो. सही नसेल तर तुमचा बदललेला कोड तो चालूच देत नाही. ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत टिव्हो नावाचे टीव्ही कार्यक्रम रेकॉर्ड करणारे यंत्र निघाले होते. आत लिनक्स, कोडही दिलेला, पण बदललेला कोड यंत्र चालवत नसे. त्यावर उपाय म्हणून जून २००७ मध्ये आलेल्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत अट घातली गेली, की अशी ग्राहकोपयोगी यंत्रे विकताना बदललेला कोड बसवण्यासाठी लागणारी माहितीही ग्राहकाला द्यावी. लिनक्स कर्नल मात्र दुसऱ्याच आवृत्तीवर राहिला. म्हणून आज पुस्तक तुमच्या हातात आहे, पण वाचायची खोली कुलूपबंद आहे.

कुलूप फक्त यंत्रात नाही, ते करारांतही आहे. गूगलची ॲप हवी असतील तर बदललेल्या अँड्रॉइडवर चालणारे फोन काढायचे नाहीत, अशा अटी फोन बनवणाऱ्या कंपन्यांवर लादल्या जात होत्या. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अशा अटींसह अनेक गोष्टींवर ठपका ठेवून गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अपिलात मार्च २०२३ मध्ये आयोगाचे काही निर्देश रद्द झाले, पण दंड कायम राहिला. कोड खुला ठेवून बाजार बंद कसा ठेवता येतो, याचा हा सरकारी दप्तरातला दाखला आहे.

कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्षातला हक्क यांतले अंतर आपल्याला कोणी शिकवायला नको. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. तरी २० मार्च १९२७ पर्यंत त्या पाण्याला आपला हात लागला नाही. बाबासाहेबांसोबत माणसे चालत गेली, ओंजळ भरली, तेव्हा ठरावाला अर्थ आला. फोनचे कुलूप आणि पाण्याची बंदी यांची बरोबरी आम्ही करत नाही. तो माणूसपणाचा प्रश्न होता, हा यंत्राचा आहे. पण त्या लढ्यातून मिळालेली एक समज इथेही लागू पडते. खुले असणे आणि आपल्याला वापरता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी गोष्ट कोणी आणून देत नाही.

आणून देण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि काही अभियंते यांनी १९९९ मध्ये एक ट्रस्ट स्थापून सिम्प्युटर नावाचा हातातला संगणक घडवला. त्यात लिनक्स होते, भारतीय भाषांत मजकूर बोलून दाखवण्याची सोय होती आणि एकच यंत्र गावात अनेकांना वापरता यावे म्हणून स्मार्ट कार्ड होते. यंत्राचा आराखडाही त्यांनी खुल्या परवान्याखाली ठेवला. स्मार्टफोन घरोघरी पोहोचण्याच्या कितीतरी आधीची ही कल्पना! पण २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले 'अमिडा' हे मॉडेल बाजारात आले तेव्हा किंमत दहा हजारांच्या आसपास गेली होती. सरकारी खरेदी अपेक्षेइतकी झाली नाही, साधे मोबाईल स्वस्त होत गेले आणि विक्री काही हजारांतच थांबली.

त्या मंडळींच्या हेतूवर आम्ही शंका घेत नाही. पण एक गोष्ट नोंदवली पाहिजे. यंत्र गरिबांसाठी होते, गरिबांच्या हातून घडले नव्हते. ते उघडणारा, दुरुस्त करणारा, त्यात आपल्या गरजेचे काही घालणारा माणूस वस्तीत तयारच झाला नाही. खुला आराखडा होता, पण तो वाचणारे डोळे पुन्हा त्याच मोजक्या वर्गाचे. ज्ञान खुले झाले आणि तरी त्याच घरात राहिले, तर त्या खुलेपणाचा आपल्याला काय उपयोग?

यावर दोन आक्षेप येतात. पहिला आक्षेप म्हणजे, हा पोट भरलेल्यांचा छंद आहे. आम्ही म्हणतो, उलट आहे. ज्याला दर दोन वर्षांनी नवा फोन परवडतो त्याला जुना फोन जगवण्याची गरजच नाही. गरज आपल्याला आहे. मोबाईल दुरुस्तीच्या टपऱ्यांवर आपली कितीतरी पोरे स्क्रीन आणि चार्जिंग पिन बदलण्यात तरबेज आहेत. सॉफ्टवेअर टाकायची वेळ आली की मात्र कुठून तरी मिळालेली, कोणी तपासलेली नाही अशी फाइल वापरली जाते. हाताचे कौशल्य आहे, फक्त वाचून, तपासून करण्याची सवय जोडायची आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आणि तो गंभीर आहे. बूटलोडर उघडा राहिला की फोन ज्याच्या हातात पडेल त्याला छेडछाड करणे सोपे जाते. बँकांची आणि पैसे देण्याची काही ॲप अशा फोनवर चालत नाहीत. म्हणून घरातला व्यवहाराचा एकमेव फोन उघडू नये. आधी कपाटात पडलेल्या जुन्या फोनवर शिकावे. कार्यकर्त्यांनी आणखी एक भ्रम टाळावा. गूगल काढले म्हणजे आपण अदृश्य झालो, असे नाही. फोन कुठे आहे हे मोबाईल टॉवरला कळतच राहते आणि मोडेमचे सॉफ्टवेअर बंदिस्तच असते. मुक्तस्रोत म्हणजे जादूची ताईत-दोरी नव्हे. तपासता येते, एवढेच त्याचे बळ. पण ज्यांनी आयुष्यभर "सांगतो ते माना" हेच ऐकले, त्यांच्यासाठी तपासता येणे ही लहान गोष्ट नाही.

मग करायचे काय? प्रत्येक अभ्यासिकेत, वसतिगृहात, विहारात महिन्यातला एक रविवार यासाठी ठेवावा. एक जुना संगणक, डेटा जाणारी चांगली केबल, इंटरनेट आणि कपाटात पडून असलेले चार फोन एवढ्यावर सुरुवात होते. ज्याने एकदा केले त्याने पुढच्या वेळी दुसऱ्याला शिकवावे, स्वतः करून देऊ नये. प्रत्येक पायरी सोप्या मराठीत लिहून भिंतीवर लावावी. ज्यांची भाषा चांगली आहे त्यांनी या प्रकल्पांच्या मराठी अनुवादाला हात लावावा, कारण तिथे स्वयंसेवकच काम करतात आणि तिथे आपली बोली नसेल तर दोष आपल्याही गैरहजेरीचा असेल. नवा फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, याआधी विचारावे, की याचा बूटलोडर उघडता येतो का आणि अपडेट किती वर्षे मिळतील? हा प्रश्न शंभर पोरांनी दुकानात विचारला की दुकानदारालाही तो पाठ होतो.

त्या मुलाचा कुलूपबंद फोन अजून तसाच आहे. त्याचे आम्ही काही करू शकलो नाही, हे कबूल करतो. पण पुढच्या रविवारी तो रिकाम्या हाताने आला आणि मुलीच्या शेजारी बसून तिसऱ्या कोणाच्या तरी फोनवर आज्ञा वाचून दाखवू लागला. त्याच्या फोनची किल्ली कंपनीकडे आहे. किल्ली कशी चालते हे आता त्याला माहीत आहे. पुढचा फोन तो विचारून घेईल.

जय भीम!