परसांतील खत आणि आमचा उकिरडा

उकिरडा म्हणजे खत नव्हे, ही गोष्ट आमच्या शेतकरी बांधवांस अद्याप पटलेली दिसत नाहीं. गोठ्यामागें शेण, केर, राख आणि अलीकडे प्लास्टिकच्या पिशव्याही एकावर एक टाकावयाच्या, वर्षभर तो ढीग ऊनपावसांत पडूं द्यावयाचा, आणि वैशाखांत गाड्या भरून म्हणावयाचें, ‘खत घातलें!’ वास्तविक त्याचा कस तोंवर पावसानें ओढ्यांत गेलेला असतो व उरला तो हवेंत उडालेला असतो. आमचें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें. जमाबंदीच्या मोजणींत मातीची खोली व जात पाहून जमिनीची प्रत आण्यांत ठरविलेली आम्ही वाचीत आलों. पण ती प्रत राखण्याचा भार दप्तरावर नाहीं, जमीनधारकावर आहे.

आमचें म्हणणें असें कीं, प्रत्येक शेतकरी कुटुंबानें प्रथम परसांत कंपोस्टचा एक ढीग रचावा. इंदूर येथील संशोधन संस्थेंत अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं शेतांतील टाकाऊ पदार्थांपासून तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसविली व १९३१ सालीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. त्या रीतींतील जो भाग आमच्याकडे सर्वांत दुर्लक्षिला जातो, तो गोमूत्राचा. शेणापेक्षां मूत्रांत नत्र व पालाश यांचें प्रमाण पुष्कळ अधिक असतें. तरी शेण आपण जपतों आणि मूत्र वाहूं देतों. गोठ्यांत कोरडी माती पसरावी. ती भिजली कीं खरवडून ढिगावर घालावी व नवी पसरावी. ट्रॅक्टर आल्यापासून ज्यांच्या दावणीस बैल राहिले नाहींत (आणि अशीं घरें आतां थोडीं नाहींत), त्यांनीं शेजाऱ्याकडून दोन पाट्या शेण आणून पाण्यांत कालवून शिंपडावें, तेवढ्यानें भागतें.

बाकी कृति सोपी आहे. वाळला पाला वीतभर, त्यावर हिरवें तण व भाजीचीं देठें, मग शेणकाला, मूत्रानें भिजलेली माती व मूठभर राख, असे थर कंबरेइतके चढवावे. ओल इतकीच असावी कीं मूठ दाबली असतां हात भिजावा, पाणी गळूं नये. पावसाळ्यांत खड्डा नको, ढीग जमिनीवरच रचावा. पंधरवड्यानें, महिन्यानें व दोन महिन्यांनीं तो पालटावा. आंतून वाफ निघते तें शुभचिन्ह; त्या उष्णतेनें तणांचें बीं मरतें. दुर्गंधी सुटली तर ढिगास हवा मिळत नाहीं असें समजून, शेजाऱ्यांशीं तंटा होण्यापूर्वींच तो उकरावा.

कोणी म्हणतील, ‘परसांतल्या पाटीभर खतानें एकराचें काय भागणार?’ भागणार नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. रासायनिक खताची गोण घेऊंच नये, असाही आमचा आग्रह नाहीं. परंतु वांगीं, मिरची, दुधीभोपळा यांच्या आळ्यांत हें खत पडलें म्हणजे त्याचा गुण घरांतील माणसांस ताटांत दिसतो. आणि ज्यास घरचा एक ढीग कुजवितां आला, तो उसाचें पाचट पेटविण्यापूर्वीं दोनदां विचार करतो. व्याख्यानांनीं हें होत नाहीं, असा आमचा अनुभव आहे.

माघांत पानगळ सुरू होते. त्या पाल्यास काडी लावण्याऐवजीं तो तेव्हांच रचून पाणी देत राहिल्यास, वैशाखअखेर तयार झालेलें खत पावसाळी भाजीच्या आळ्यांस मिळेल.