किंकाळी धन्याची, चाकराची नाही

शनिवारवाड्याच्या भुताची गोष्ट पुण्यात कोणी ऐकली नाही? अमावास्येच्या रात्री वाड्यातून “काका, मला वाचवा!” अशी किंकाळी येते म्हणे. कोणी अमावास्या सांगतो, कोणी पौर्णिमा. स्वतःच्या कानाने ऐकणारा मात्र आम्हाला अजून भेटलेला नाही. ऐकलेली असते ती नेहमी कोणाच्या तरी मावशीच्या दिराने!

भूत खोटे, पण खून खरा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याला गारद्यांनी वाड्यातच कापले, तेही भरदुपारी. जीव वाचवायला तो चुलत्याला, रघुनाथरावाला, जाऊन बिलगला. पण वाचला नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून दोष रघुनाथरावावर ठेवला.

लोकांच्या तोंडी मात्र आजही नाव आहे ते त्याच्या बायकोचे, आनंदीबाईचे. हुकमातल्या ‘धरावे’चे तिने ‘मारावे’ केले, ‘ध’चा ‘मा’ केला, असे सांगतात. ते सिद्ध झालेले नाही. गादीसाठी पुरुषांनी भांडायचे आणि बोल बाईला लावायचा, ही रीत जुनीच आहे.

आता आमचा एक प्रश्न. त्या दुपारी एकटा नारायणरावच मेला काय? चापाजी टिळेकर नावाचा त्याचा सेवक धन्याला वाचवायला मध्ये पडला आणि तिथेच मारला गेला. वाड्यातली आणखीही माणसे मारली गेली. त्यांची किंकाळी कोणत्या अमावास्येला ऐकू येते? भुताच्या गोष्टीतसुद्धा आवाज उरला तो धन्याचा. राबणाऱ्याला जिवंतपणी आवाज नव्हता, मेल्यावरही कोणी दिला नाही.

ज्या महालात हे घडले तो १८२८ सालच्या आगीत जळाला. आज उभे आहेत ते तट, बुरूज आणि दरवाजे. आत उरली आहेत जोती. ओसाड जागेत रात्री वारा घुमतो, कुत्री रडतात, आणि भ्यालेले मन त्याचे शब्द करते.

माता-भगिनींनो, मुलांना वाडा जरूर दाखवा. पण “भूत येईल” म्हणून त्यांना भिववू नका. त्यांना तारीख सांगा, खून कशासाठी झाला ते सांगा, आणि चापाजीचे नावही सांगा. भित्र्या मुलाला भूत दिसते. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला इतिहास दिसतो.