विद्यामंदिरातील नवी शिवाशिव

सन 1918 मध्ये डॉ. आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांच्या खोलीतील माठाचे पाणी त्यांनी प्यावे यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. तो माठ आता फुटला, असे आमचे पुष्कळ सुशिक्षित बंधू समाधानाने सांगतात. आम्ही म्हणतो, माठ फुटला. हरकत जिवंत आहे. “प्रवेशपरीक्षेत मार्क किती?” “कोट्यातली का?” हे तिचे आजचे शब्द.

जळगावकडील तडवी भिल्ल समाजातील डॉ. पायल तडवी स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईच्या टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेजात गेली. 22 मे 2019 रोजी, वयाच्या अवघ्या 26 व्या वर्षी, तिने प्राण दिला. तिघी ज्येष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळ केला असा आरोप होऊन गुन्हा नोंदला गेला. दोषी कोण हे ठरविणे न्यायासनाचे काम, आमचे नव्हे. परंतु तिच्या आईने जे सांगितले ते प्रत्येक आईबापाने ऐकावे: छळाची गोष्ट मृत्यूपूर्वीच वरिष्ठांच्या कानी घातली होती.

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदीचा कायदा 1999 चा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2012 च्या नियमांत समान संधी कक्ष, भेदभावविरोधी अधिकारी आणि 60 दिवसांत निकाल हे सर्व लिहिले आहे. स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या चौकशीस अंतर्गत समिती हवी व तिची अध्यक्ष स्त्रीच हवी, असे 2013 चा कायदा सांगतो. तरीही 2019 मध्ये रोहित वेमुला व पायल यांच्या मातांस सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. जानेवारी 2026 मध्ये आयोगाने नवे नियम काढले, तोच दुरुपयोगाची ओरड झाली व त्याच महिन्यात न्यायालयाने त्यांस स्थगिती दिली.

खोट्या तक्रारींचे भय दाखविणारांस आमचा साधा सवाल आहे. खोटे-खरे निवडण्यासाठीच चौकशी असते ना? मग तिला भिता का? खोटी फिर्याद होईल म्हणून कोणी पोलीस ठाणे बंद करीत नाही.

आमच्या झरी जामणीत हा प्रश्न दूरचा नाही. कोलाम पोडावरची मुलगी घरी कोलामी बोलते, शाळेत मराठी शिकते आणि यवतमाळ-अमरावतीस जाते. तिच्या बोलीस व आडनावास कोणी हसले आणि ती सहा महिन्यांत परत आली, तर पोडावरच्या दहा मुलींची वाट बंद होते. “शिकून काय झाले?” या प्रश्नास मग आम्हां मास्तरांजवळ उत्तर राहत नाही.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. भेदभावविरोधी अधिकाऱ्याचे नाव व फोन नंबर प्रवेशाच्या पावतीवर आणि वसतिगृहाच्या भिंतीवर मराठीत असावा. तक्रारीची पोच त्याच दिवशी मिळावी. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्या हाती तक्रारदाराचे गुण व ड्यूटी नसावी. प्रवेशपरीक्षेतील क्रमांक विचारणे अनुचित ठरवावे. मुंबईच्या आयआयटीने 2023 मध्ये तसे सांगितले, मग इतरांस अडचण कोणती?

पालकांनीही मुलीस “सोस, डिग्री घेऊन ये” असे सांगू नये. तारीखवार टिपण ठेवण्यास सांगावे, तक्रार लेखी करावी, नक्कल घरी ठेवावी. रॅगिंगविरोधी मदतीचा नंबर 1800-180-5522 प्रत्येक गावच्या शाळेत फळ्यावर लिहावा. एकटे जाण्याचे भय वाटत असेल तर गावच्या मास्तरांस सोबत न्यावे, आम्ही येऊ.

शाहू छत्रपतींनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहे काढली, ती बहुजनांच्या लेकरांनी निर्धास्तपणे शिकावे म्हणून. ज्या वसतिगृहात लेकरू रात्री धास्तीने जागे राहते, ते वसतिगृह नव्हे. हे विद्यापीठांच्या चालकांनी ओळखावे. न ओळखतील तर बहुजन समाजाने त्यांस ओळखावयास लावावे.