घरचा संगणक : पडद्यामागचा गडी



गेल्या अंकानंतर तीन-चार घरांतून फोन आले. तक्रार सगळ्यांची एकच. "प्रोग्रॅम चालतो हो, पण ती काळी खिडकी बंद केली की तोही बंद पडतो. मग काय, रात्रभर खिडकी उघडी ठेवायची?" नाही ठेवायची. त्यावर उपाय आहे, आणि तो अर्धवट केला तर काय होतं हेही मला ठाऊक आहे. तेव्हा आधी माझीच फजिती सांगतो.

माझी आई सांगलीला होती. ताई दर रविवारी तिला बोलतं करायची. जात्यावरच्या ओव्या, आजोबांच्या दुकानातली उधारी, पुरणाला कटाचं पाणी किती काढायचं, असं काहीही. ते फोनवर रेकॉर्ड करून ताई थेट माझ्या बेसमेंटमधल्या रास्पबेरी पायवर पाठवायची. पत्त्याच्या जोडाएवढी ती डबी, तिला दोन डिस्क लावलेल्या. ध्वनिफिती पहिल्या डिस्कवर उतरायच्या, आणि मुलानं लिहून दिलेला पायथनचा छोटा प्रोग्रॅम दर पाच मिनिटांनी बघून नवीन फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवायचा. वर्षभर छान चाललं. मग २०२३च्या जानेवारीत बर्फाच्या वादळात रात्रभर वीज गेली. सकाळी वीज आली, डबी आपली आपण सुरू झाली, हिरवा दिवा लागला, मी निर्धास्त. मार्चमध्ये आई गेली. एप्रिलमध्ये पहिली डिस्क टकटक वाजायला लागली आणि दोन दिवसांत बसली. दुसरी उघडून बघतो तर शेवटची फीत जानेवारीच्या वादळाआधीची. पुढचे नऊ रविवार तिथे नाहीतच. ताई फोन भरला की जुनं पुसायची, तरी तिच्याकडे तीन सापडले. सहा गेले.

चूक एका शब्दाची होती. तिच्याकडे येतोच.

खिडकीत चालवलेला प्रोग्रॅम खिडकीबरोबर का मरतो? लिनक्समध्ये खिडकी बंद होताच तिच्यातल्या प्रोग्रॅमला 'हँगअप' असा इशारा जातो. हे नाव फोनच्या तारेवरून संगणकाला जोडून घेत त्या दिवसांतलं : पलीकडच्यानं फोन ठेवला, काम आवरा. म्हणून प्रोग्रॅम खिडकीच्या हवाली न करता यंत्रणेच्या हवाली करायचा. अशा न दिसणाऱ्या प्रोग्रॅमला 'डीमन' म्हणतात. १९६३ साली एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटानं हे नाव वापरायला सुरुवात केली, भौतिकशास्त्रातल्या मॅक्सवेलच्या डीमनवरून. आपल्याकडे म्हणाल तर पिंपळावरचा मुंजा : दिसत नाही, पण असतो.

डेबियन, उबुंटू, फेडोरा आणि रास्पबेरी पाय यांवर या मुंजांचा मुकादम म्हणजे 'सिस्टिमडी'. त्याला एक छोटी चिठ्ठी लिहून द्यावी लागते. (आपल्या अंकात रोमन अक्षरं नसतात, म्हणून नावं उच्चाराप्रमाणे देतो. टाइप अर्थातच रोमनमध्ये करायचं.) माझ्या चिठ्ठीचं नाव 'जतन.सर्व्हिस'. ती 'ईटीसी'मधल्या 'सिस्टिमडी'मधल्या 'सिस्टम' या फोल्डरमध्ये ठेवायची. तिथे लिहायला 'सुडो' लागतो.

चिठ्ठीचे तीन भाग, प्रत्येकाचं नाव चौकटी कंसात. पहिला 'युनिट'. यात 'डिस्क्रिप्शन'पुढे कामाचं नाव. माझ्यासारखं बाहेरच्या डिस्कवर काम असेल तर 'रिक्वायर्स-माउंट्स-फॉर' लिहून पुढे त्या डिस्कचा पत्ता द्या. हे शब्द जोडून लिहायचे, मधे रेघ नाही. ही ओळ नसेल तर प्रोग्रॅम कधीकधी डिस्क जोडली जाण्याआधीच धावतो आणि सगळा माल डबीतल्या इवल्याशा कार्डावर ओततो.

दुसरा भाग 'सर्व्हिस'. 'एक्झेक-स्टार्ट'पुढे चालवायची आज्ञा, पत्ते पूर्ण : पायथनचा पत्ता मुळापासून आणि आपल्या फाइलचाही. खिडकीत तुम्हाला सवयीच्या वाटा असतात, तुमच्या घरच्या फोल्डरमधल्या सोयी असतात. सेवेला त्यातलं काही माहीत नसतं. 'खिडकीत चालतो, सेवेत चालत नाही' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच. आज्ञेच्या शेवटी '&' लावू नका. पडद्यामागे नेण्याचं काम मुकादमाचं आहे. 'युजर'पुढे आपलं नाव लिहा, नाहीतर प्रोग्रॅम सर्वाधिकारी म्हणून चालतो. साध्या कामाला एवढा अधिकार कशाला? 'रीस्टार्ट'पुढे 'ऑन-फेल्युअर' आणि 'रीस्टार्ट-सेक'पुढे ३० लिहा. म्हणजे कोसळला तर अर्ध्या मिनिटानं पुन्हा उभा करतात. हे ३० उगीच नाहीत. काही न लिहिल्यास तो सेकंदाच्या दहाव्या भागात पुन्हा उठवतो, आणि दहा सेकंदांत पाच वेळा उठवून झालं की नाद सोडतो.

तिसरा भाग 'इन्स्टॉल', ओळ एकच : 'वाँटेड-बाय', पुढे 'मल्टी-युजर.टार्गेट'. संगणक नेहमीच्या कामाला तयार झाला की यालाही उठवा, असा तिचा अर्थ.

चिठ्ठी लिहिली (किंवा बदलली) की 'सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड' म्हणायचं, म्हणजे मुकादम ती वाचतो. आणि आता माझी चूक. मी पुढे 'सिस्टिमसीटीएल स्टार्ट' म्हटलं आणि उठलो. 'स्टार्ट' म्हणजे आत्ता चालू कर. उद्या वीज जाऊन आल्यावरही चालू कर, हे सांगायला 'एनेबल' म्हणावं लागतं. दोन्ही गोष्टी वेगळ्या. गड्याला आज कामाला लावलं, पण कायम ठेवलंच नाही. 'एनेबल --नाऊ' म्हटलं की दोन्ही एकदम होतं.

'स्टेटस' विचारलं होतं मी. ठळक हिरव्या अक्षरांत 'अ‍ॅक्टिव्ह' दिसलं. वरच्या 'लोडेड'च्या ओळीत तर 'एनेबल्ड'ही दिसलं! पण त्या ओळीत दोन शब्द असतात. पहिला तुमच्या सेवेची खरी स्थिती, दुसरा 'प्रीसेट'पुढचा, म्हणजे नुसती शिफारस. माझ्याकडे पहिला 'डिसेबल्ड' होता आणि मी दुसरा वाचून खूश झालो. तेव्हा पहिला वाचा. आणि त्यावरही न थांबता संगणक एकदा खरोखर बंद करून चालू करा, कशालाही हात न लावता पाच मिनिटं थांबा, मग एक चाचणीची फाइल टाकून ती दुसरीकडे पोहोचते का ते बघा.

प्रोग्रॅमची बडबड वाचायला 'जर्नलसीटीएल -यू जतन'. पायथनवाल्यांनो, तिथे काहीच दिसलं नाही तर घाबरू नका. खिडकी नसली की पायथन ओळी साठवून ठेवतो. आज्ञेत पायथननंतर '-यू' लिहा, लगेच दिसतील.

विंडोजवाल्यांसाठी थोडक्यात. तिथे सेवा १९९३च्या विंडोज एनटीपासून आहेत, पण साधा प्रोग्रॅम सेवा म्हणून नोंदवला तर तो मुकादमाला उत्तर देत नाही आणि १०५३ क्रमांकाची चूक येते. घरगुती कामाला 'टास्क शेड्युलर' पुरे. 'अ‍ॅट स्टार्टअप' निवडा आणि कोणी लॉगिन असो-नसो चालवा, अशी खूण करा.

कोजागिरीला मी ग्रंथालयाच्या टेबलापाशी लॅपटॉप घेऊन बसणार आहे. चिठ्ठी कागदावर लिहून आणलीत तरी चालेल, मसाला दूध येईपर्यंत दोघं मिळून वाचू. ताईकडे सापडलेल्या तीन फितींपैकी एकीत कटाच्या आमटीचं प्रमाण आहे. ते हवं असलेल्यांनीही तिथेच या.