रोजच्या जेवणाला माप कशाला?
रात्रीच्या साध्या जेवणासाठी पाककृती शोधण्यापेक्षा घरात काय आहे ते पाहून रांधणं अधिक शहाणपणाचं, असं माझं ठाम मत आहे. लिहिलेल्या कृतीला आपल्या डब्यांतले जिन्नस ठाऊक नसतात. जुनी तूरडाळ शिजायला जास्त वेळ घेते. ज्वारीचं पीठ जुनं झालं की भाकरी थापताना चिरते, मग गरम पाण्याने उकड काढावी लागते. टोमॅटो आंबट निघाले तर चिंच घालताना हात आखडता घ्यावा लागतो. हे निर्णय बोटांनी, नाकाने आणि जिभेनेच होतात. मराठी स्वयंपाकात तशी सोय मुळातच आहे. फोडणी जमली की तिच्यावर बेसनाचं पिठलं होतं, उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा होतो, मेथीत भिजवलेली मूगडाळ पडली की भाजी होते. थालीपिठात तर कोबी, काकडी, कांदा काहीही सामावतं. नवशिक्याने काय करायचं, हा आक्षेप रास्त आहे. कमलाबाई ओगले यांच्या १९७०च्या ‘रुचिरा’ या पाककृतींच्या पुस्तकातली वाटी-चमच्याची मापं अशांसाठी मोठाच आधार ठरली, आणि अनारसे-चकलीला माप हवंच. पण पिठलं चार वेळा मोजून केल्यावर पाचव्यांदा पुस्तक मिटायला हरकत नसावी. दुसरा आक्षेप अधिक गंभीर: ‘आज काय करायचं’ हा विचारच थकवतो, आणि बहुतेक घरांत तो एकट्या बाईच्या डोक्यावर असतो. म्हणूनच घरात आहे त्यातून रांधण्याचा हा अंदाज मुलग्यांना आणि नवऱ्यांनाही यायला हवा. स्वतः डबे उघडून ठरवणाऱ्याला तो प्रश्न तिला विचारावा लागत नाही.