साहेबाची टोपी

दिवाळी आली की घरोघरी दोन कारखाने सुरू होतात. पहिला स्वयंपाकघरात. तिथे चव घेण्यापलीकडे आम्हां पुरुषांना फारसा अधिकार नसतो. दुसरा अंगणात. पुण्यामुंबईकडे तिथे मातीचा किल्ला उठतो आणि मावळे, तोफा, हळीव यांची जमवाजमव चालते. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे मात्र याच दिवसांत तिसराही एक कारखाना जोरात असतो, तो नाटकाचा.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. झाडी म्हणजे जंगल. दिवाळीनंतर इथे नाटकांचा जो हंगाम उघडतो तो होळीपर्यंत मिटत नाही. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे या मंडळ्यांचे ठाणे. नाटक रात्री जेवणेखाणे आटोपल्यावर सुरू होते आणि कोंबडा आरवला की संपते. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, ती याच रंगभूमीच्या सेवेबद्दल. अशा नावाजलेल्या मंडळ्यांखेरीज गावोगावची हौशी पोरेही आपापली नाटके बसवतात. त्यांच्यापाशी उत्साह भरपूर आणि पैसा बेताचा. म्हणून त्यांचा कपडेपट बहुधा बाजारातल्या फॅन्सी ड्रेसच्या दुकानातून येतो.

माझी थोरली बहीण वैनगंगेकाठच्या एका खेड्यात असते. तिचा मुलगा उंच आणि गोरा, त्यामुळे नाटकात इंग्रज आला की तो याच्या वाट्याला ठरलेला. गेल्या हंगामात त्यांनी वीर बाबूराव शेडमाके यांच्यावरचे नाटक केले. यंदा पुन्हा करायचे आहे. दसऱ्याला सोने द्यायला तो आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या हातात एक पिशवी होती. चहा घेतल्यावर त्याने तीतून साहेबाची टोपी काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"मामाजी, हिचं काही करून द्या. साहेब आला की लोक हासतेत. अन् मग फाशीपावेतो हासतच राहतेत."

मी म्हटले, "हसू दे की! साहेबाला हसायचे नाही तर कोणाला?"

तेव्हा त्याने खरी हकिगत सांगितली. बाबूरावांचे काम त्यांच्या गावचे एक शिक्षक करतात. ते स्वतः गोंड. त्यांच्या घरात बाबूरावांचे नाव देवासारखे घेतात. गेल्या वर्षी फाशीच्या प्रवेशात ते झाडाखाली उभे राहिले, साहेबाने हात वर केला, आणि टोपीची रबरी नाडी सुटून टोपी नाकावर आली. मंडपभर हशा पिकला. प्रयोग संपल्यावर मास्तर कोणावर रागावले नाहीत. पागोटे उतरवून बाजूला ठेवता ठेवता एवढेच म्हणाले, "पोरांनो, एक तर ती टोपी बदला, नाही तर मला फाशी देऊ नका."

हे ऐकल्यावर मी टोपी हातात घेतली.

या भागाबाहेरच्या वाचकांसाठी बाबूरावांची हकिगत थोडक्यात सांगतो. ते मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातले. १८५७ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी गोंड तरुणांची फौज उभी केली. पुढच्या मार्चमध्ये राजगड परगणा घेतला आणि चांद्याहून आलेल्या इंग्रजी तुकडीशी नांदगाव-घोसरीला सामना दिला. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. २९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहितेकाठी चिंचगुंडीच्या तार खात्याच्या तळावर हल्ला झाला. त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोघे इंग्रज मारले गेले. चांद्याचा इंग्रज अंमलदार कॅप्टन क्रिक्टन याला जंगलात बाबूराव सापडेनात. मग त्याने अहेरीच्या जमीनदारीणबाई लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणले आणि त्यांच्याकरवी सप्टेंबरात बाबूरावांना पकडवले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. तिथला पिंपळ लोक अजून दाखवतात. २००९ साली टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले.

आता पाहा, या कथेतला साहेब विदूषक आहे काय? तो जंगलात हरला आणि कागदावर जिंकला. घरातलेच माणूस घराविरुद्ध उभे करण्याची त्याची हिकमत होती. असा माणूस रंगमंचावर खेळण्यातली टोपी घालून आला तर प्रेक्षकांना प्रश्न पडतो, की याच्यापुढे पंचवीस वर्षांच्या शूर पुरुषाला प्राण कसा द्यावा लागला? शत्रू पोरकट केला की वीराचे मरणही पोरकट होते. मास्तरांना नेमके हेच बोचले होते.

टोपीत काय काय चुकले होते, ते आधी सांगतो. पहिली गोष्ट काळाची. दुकानात 'इंग्रज साहेब' म्हणून जी टोपी मिळते तिची पसरट, सगळीकडून उतरती कड १९०० च्या सुमाराच्या वुल्झली टोपीवरून घेतलेली असते. बाबूरावांना फाशी झाली तेव्हा ती टोपी जन्मायला चाळीसएक वर्षे अवकाश होता. १८५७-५८ सालची चित्रे आणि छायाचित्रे पाहिली तर साहेबांच्या डोक्यावर बहुधा दोन प्रकार दिसतात. एक, बसकी लष्करी टोपी, तिच्यावर पांढरी खोळ आणि मागे मानेवर लोंबणारा कापडी पडदा. या पडद्याला हॅवलॉक सेनापतीचे नाव पडले. दुसरा, उंच घुमटीचे शिरस्त्राण. हे शोल्याच्या गाभ्याचे किंवा वेताच्या सांगाड्यावर कापड चढवून केलेले असे. वारा खेळावा म्हणून माथ्यावर पुढून मागे जाणारा उंचवटा, मान झाकणारी मागची लांब कड, आणि भोवती आपल्याच पागोट्यासारखे गुंडाळलेले तलम कापड. इंग्रजांनी या कापडाला नावही आपल्या 'पगडी'वरूनच दिले.

हा शोला म्हणजे दलदलीत उगवणारी एक वनस्पती. तिचा गाभा पांढरा आणि कापसासारखा हलका. बंगाली नवरदेवाचा टोपोर याचाच करतात. 'सोला हॅट'चा 'सोलर', म्हणजे सूर्याशी, काही संबंध नाही. उन्हासाठी घालतात म्हणून लोकांनी तो जोडला, इतकेच.

दुसरी चूक चकाकीची. प्लास्टिक दिव्याखाली काचेसारखे चमकते, कापड प्रकाश पिऊन टाकते. मागच्या रांगेतल्या माणसाला कडेचा आकार कदाचित दिसणार नाही, पण चमक हमखास दिसते. तिसरी चूक त्या रबरी नाडीची. तिचा पराक्रम वर आलाच आहे.

नवी टोपी करण्यापेक्षा हीच सुधारावी असे ठरवले. तिला एकशेवीस रुपये पडले होते, आणि मुलांचे पैसे वाया घालवणे आमच्या घराण्यात बसत नाही. कृती पुढीलप्रमाणे. आपल्या मुलांच्या स्नेहसंमेलनातही ती उपयोगी पडेल.

प्रथम सगळी टोपी खरखरीत पॉलिश पेपरने घासून घ्यावी. साच्याची शिवण कानशीने उडवावी. गुळगुळीत प्लास्टिकवर काहीच धरत नाही, म्हणून या कामात आळस करू नये. पुढची आणि बाजूची कड जास्त रुंद असेल तर तापवलेल्या पात्याने न कापता पेन्सिलीने आखून कातरीने थोडी थोडी कमी करावी. मागची कड मात्र वाढवायची असते. त्यासाठी बुरुडाकडून बांबूच्या दोन पातळ कामट्या आणल्या. आमच्याकडे बांबूला तोटा नाही. एक कामटी वाकवून कडेच्या टोकांना दोऱ्याने बांधली आणि मधल्या जागेत पुठ्ठा बसवला. वेताच्या सांगाड्याची टोपी करणाऱ्या त्या वेळच्या कारागिराने याला फार नावे ठेवली नसती असे वाटते.

मग घुमट. नालीदार पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवून माथा सुमारे दोन बोटे उंच केला आणि मधोमध पुढून मागे तो उंचवटा बसवला. त्यावर जुन्या वर्तमानपत्राचा लगदा. कागद रात्रभर भिजवून, कुटून, पिळून त्यात फेव्हिकॉल आणि थोडी मेथीची पूड घातली. मेथीने कीड लागत नाही, हे आपल्या जुन्या कारागिरांना ठाऊक होते. लगद्याचा थर पातळ द्यावा आणि सावलीत वाळवावा. उन्हात ठेवला तर तडकतो, जाड दिला तर आतून ओला राहून कुबट वास मारतो. आम्ही दोन थर दिले, मध्ये दोन दिवस जाऊ दिले.

यानंतरचे काम शिवणाचे, म्हणजे सौ.च्या खात्याचे. तिने जुन्या चादरीच्या सहा कळ्या कापून शिवल्या. मी टेपने मोजून सांगितलेले माप तिने न ऐकता टोपीवर कागद दाबून स्वतः बेतले, आणि तेच बरोबर बसले. कळ्यांच्या शिवणी माथ्यावर एकत्र येतात तिथे कापडाने मढवलेले एक मोठे बटण लावले.

पागोट्यासाठी माझ्या एका जीर्ण धोतराचा बळी गेला. चार वारांची लांब पट्टी काढून ती चहाच्या पाण्यात बुडवली. ही आमची लहर नव्हे. १८५७ च्या उन्हाळ्यात पांढरे कपडे दुरून डोळ्यांत भरत, म्हणून कित्येक पलटणींनी ते चहाच्या पाण्यात नाही तर मातीत रंगवून मळकट करून घेतले होते. आमच्याकडे चहा दोनदा उकळून त्यात चिमूटभर मीठ टाकले. पट्टी अर्धी ओली असतानाच चुण्या घालत घुमटाभोवती गुंडाळली आणि उरलेले टोक मानेवर सोडले. वाळल्यावर चुण्या आपोआप बसल्या.

शेवटी आतली बाजू. खऱ्या शिरस्त्राणात डोक्याचा पट्टा कवचाला भिडलेला नसतो, मध्ये वाऱ्याला जागा असते. जुना कातडी कमरपट्टा कापून आत गोल केला आणि बुचाचे सहा तुकडे मध्ये घालून बसवला. रबरी नाडी काढून अरुंद कातडी पट्टा आणि पितळी बक्कल लावले. टोपी हलवून पाहिली, उलटी केली, भाच्याला मान झटकायला लावली. जागची हलली नाही. एक सूचना मात्र त्याला बजावून दिली आहे आणि वाचकांनाही देतो: ही टोपी नाटकाची आहे. ती घालून फटफटीवर बसू नये. तिने लगदा शाबूत राहील, डोके राहणार नाही.

पाचव्या दिवशी रात्री आमच्या बैठकीत तालीम झाली. भाच्याने टोपी घातली. दिवा एका बाजूला ठेवला होता, त्यामुळे कडेची सावली डोळ्यांवर पडली आणि खाली फक्त हनुवटी दिसू लागली. लक्ष्मीबाईंना पत्र लिहून घेण्याचा प्रवेश त्याने म्हणायला घेतला. आधी ओरडत असे, आता आवाज आपसूक खाली आला. पट्टा गळ्याशी असल्याने मान ताठ राहिली, म्हणून चालही बदलली. शेजारची चार पोरे दारात फिदीफिदी हसत उभी होती, ती गप्प झाली. त्यांतली सर्वांत धाकटी हळूच जाऊन आईच्या पदराआड उभी राहिली. सौ. मला म्हणाली, "अहो, आता ह्याला चहा विचारायचासुद्धा धीर होत नाही!"

हे टोपीचे श्रेय नव्हे. टोपीने फक्त आड येणे थांबवले. नटाला जे करायचे होते ते करायला वाट मोकळी झाली. पुष्कळांना वाटते की अचूकपणा हा पंडितांचा छंद आहे. खेड्यातल्या प्रेक्षकाला वुल्झली कोण आणि हॅवलॉक कोण, काय कळणार? नावे कळणार नाहीत, हे खरे. पण समोरची वस्तू कोणी मनापासून केली आहे की दुकानातून उचलून आणली आहे, हे रात्रभर थंडीत चादर पांघरून बसणाऱ्या माणसाला लगेच कळते. तो एवढा जागतो, तर आपण पाच संध्याकाळी जागायला काय हरकत आहे?

तेव्हा यंदा आपल्या मुलाने शाळेच्या नाटकासाठी टोप, मुकुट किंवा साहेबाची टोपी आणली, तर ती लगेच रंगवायला घेऊ नका. आधी त्याच्याजवळ बसून तीन प्रश्न विचारा. ही कोणाच्या डोक्यावरची? कोणत्या सालातली? आणि ज्याने घातली त्याला ऊन लागत होते की तलवारीचे वार? या तिघांची उत्तरे मिळाली की आकार, कापड आणि रंग आपोआप ठरतात. शिवाय मुलाचा त्या सालाचा इतिहास असा पाठ होतो की परीक्षेत विसरत नाही.

मास्तरांकडे निरोप गेला आहे. त्यांनी उलट निरोप पाठवला की टोपी आधी पाहतो, मग फाशीचे ठरवू. भाचा परवाच्या गाडीने ती घेऊन गेला. पिशवीत चुरगळू नये म्हणून सौ.ने तिच्यात अनारशांचा डबा बसवून दिला. दोन्ही वस्तू शाबूत पोहोचल्याचे कळले आहे, पैकी अनारसे आता शिल्लक नाहीत.