‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?’

मायएस्क्यूएल ५.७ ची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि ऑरेकलकडून त्याचे सुरक्षा पॅच येणं थांबलं. तरीही कित्येक टीमचं प्रॉडक्शन अजून त्याच्यावरच चालतं. अपग्रेडचा विषय निघाला की बैठकीत एक वाक्य हमखास येतं: चालतंय ना, मग कशाला हात लावायचा? हे बोलणारी माणसं कामचुकार नसतात. बहुतेकदा टीममधली सगळ्यात अनुभवी मंडळीच ती, रात्री दोनला उठून कोसळलेला सर्व्हर पुन्हा उभा केलेली. म्हणून त्यांचं म्हणणं हसण्यावारी न नेता मुळापासून तपासायला हवं. माझ्या मते ते मुळातच चुकलेलं आहे.

त्यांचा पहिला आधार असा की जुनं व्हर्जन तावूनसुलाखून निघालंय, भरवशाचं आहे. हा भरवसा नेमका कशावर? ५.७ मध्ये टेबल करताना तुम्ही चेक कन्स्ट्रेंट लिहिलंत, समजा ‘रक्कम शून्यापेक्षा जास्तच हवी’, तर डेटाबेस तो निमूट वाचतो आणि सोडून देतो. एरर येत नाही. लिहिणाऱ्याला वाटतं, कुंपण घातलं. प्रत्यक्षात तिथे काहीच नसतं आणि उणे रकमेची नोंद बिनदिक्कत आत जाते. चेक खऱ्या अर्थानं पाळला जाऊ लागला तो ८.०.१६ पासून, म्हणजे २०१९ साली.

दुसरं उदाहरण मला जास्त अस्वस्थ करतं. दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये केसपेपरचा नंबर ऑटो इन्क्रिमेंटनं पडतो असं धरू. संध्याकाळची शेवटची नोंद, नंबर ४५१२, चुकीची म्हणून पुसली. रात्री सर्व्हर रीस्टार्ट झाला. ५.७ मधलं इनोडीबी पुढच्या नंबराचा आकडा फक्त मेमरीत ठेवतं. पुन्हा सुरू होताना ते टेबलातला सगळ्यात मोठा नंबर बघतं आणि त्याच्या पुढचा देतं. सकाळी आलेल्या नव्या पेशंटला पुन्हा ४५१२ मिळतो. दरम्यान लॅबच्या वेगळ्या सिस्टिममध्ये आधीच्या माणसाचा रिपोर्ट याच नंबरावर चढलेला असेल, तर पुढे काय होऊ शकतं ते सांगायला नको. ही तक्रार मायएस्क्यूएलच्या बग यादीत १९९ क्रमांकावर २००३ सालीच नोंदवली गेली होती. ती दूर झाली ८.० मध्ये, जे २०१८ ला आलं. पंधरा वर्षं! जे व्हर्जन हे सगळं पोटात घालून गप्प बसतं त्याला स्थिर म्हणणं मला पटत नाही. ते चुका करतं आणि चुका दिसू देत नाही.

दुसरा आधार: नव्या व्हर्जनवर आपल्या क्वेरी मोडतात. मोडतात, हे खरंच आहे. ५.७ मध्ये ग्रुप बाय केलं की निकाल आपोआप क्रमानं यायचा, ८.० मध्ये तो क्रम गेला. महिनावार विक्रीचा रिपोर्ट उघडला तर मार्चनंतर जानेवारी. पण क्रम हवा असेल तर ऑर्डर बाय लिहा, त्या आयत्या क्रमावर विसंबू नका, असं ५.७ च्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं होतं. तेव्हा ती क्वेरी आधीपासूनच चुकीची होती, अपग्रेडनं ती उघडी पाडली एवढंच. ‘रँक’ हा शब्द ८.० मध्ये राखीव झाल्यामुळे गुणवत्ता यादीच्या टेबलातला त्या नावाचा कॉलम एकाएकी सिंटॅक्स एरर देऊ लागतो. बॅकटिक घातले की काम भागतं.

कोलेशनचा घोळ मात्र सहज दिसत नाही. ८.० चं नवं डीफॉल्ट कोलेशन शब्दामागची मोकळी जागा धरतं. जुनं ती सोडून द्यायचं. म्हणजे ‘सातारा’ आणि मागे एक स्पेस राहिलेला ‘सातारा’ ही पूर्वी एकच किंमत होती, नव्या टेबलात त्या दोन होतात. शिवाय जुनी टेबलं आपलं जुनं कोलेशन घेऊनच पुढे येतात, त्यामुळे जुन्या-नव्याचा जॉइन लावला की एरर येऊ शकतो. त्रासदायक आहे, पण शोधून काढता येतं. आपला डेटा नेमका कशावर उभा आहे हे टीमला एकदा तरी कळायलाच हवं, आणि अपग्रेडच्या निमित्तानं ते कळतं.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे: परतीची वाट नाही. ८.० वर गेलेला डेटा तसाच ५.७ वर उतरवता येत नाही. बॅकअपवरूनच मागे यावं लागतं आणि मधल्या काळातल्या नोंदी जातात. हे भय रास्त आहे. त्यावर तोडगाही आहे. चालू प्रायमरीला हात न लावता तिच्याखाली ८.० ची रेप्लिका उभी करायची, काही दिवस नुसत्या वाचायच्या क्वेरी तिच्याकडे वळवायच्या, निकाल आणि वेळ ताडून बघायचे आणि मगच तिला प्रायमरी करायचं. गिटहबनं आपले बाराशेहून जास्त मायएस्क्यूएल सर्व्हर असेच हळूहळू ८.० वर नेले. त्याला वर्षाहून अधिक काळ लागला. मागे फिरावं लागलं तर हाताशी असाव्यात म्हणून ५.७ च्या रेप्लिका त्यांनी तयार ठेवल्या होत्या, आणि ५.७ ला समजेल असंच कोलेशन निवडलं होतं. ८.० कडून ५.७ कडे रेप्लिकेशन अधिकृतपणे चालत नाही, म्हणून ही खबरदारी. एवढा पसारा त्यांनी हलवला. दोन-चार सर्व्हरच्या टीमनं वाटच नाही म्हणणं मला मान्य नाही.

राहिला पैसे देऊन मुदत वाढवण्याचा मार्ग. ॲमेझॉन आरडीएसवर मार्च २०२४ पासून ५.७ साठी तशी जादा आकारणी आहे, दर सीपीयूमागे तासाला, आणि तिसऱ्या वर्षी दर वाढतो. त्यात पॅच मिळतात. बग १९९ तिथेच राहतो.

एका बाबतीत मात्र मी सावध मंडळींच्या बाजूनं उभा आहे. नवं आलं की त्याच आठवड्यात चढवायचं, हे मला अजिबात मान्य नाही. ८.०.२९ मध्ये इन्स्टंट कॉलमच्या बगमुळे डेटा बिघडू शकत होता आणि ते डाउनलोडमधून काढून घ्यावं लागलं. जुलै २०२४ च्या ८.०.३८ मध्ये दहा हजारांहून जास्त टेबलं असलेला सर्व्हर रीस्टार्टला कोसळायचा. तेही मागे घेतलं गेलं. पण यातून निघतं ते एवढंच, की पॅच जरा मुरू द्यावा, रिलीज नोट्स वाचाव्यात, आपल्या डेटाच्या प्रतीवर तालीम करावी. सहा-सात वर्षं बसून राहण्याला यात कुठेही आधार नाही.

आणि बसून राहण्याची किंमत वाढत जाते. ८.० ची मुदतही एप्रिल २०२६ पर्यंतचीच. पुढचं दीर्घ मुदतीचं व्हर्जन ८.४, पण ५.७ वरून थेट तिथे जाता येत नाही, मध्ये ८.० वर थांबावंच लागतं. ८.४ मध्ये लॉगिनची जुनी नेटिव्ह पासवर्ड पद्धत डीफॉल्टनं बंद आहे, म्हणजे ॲप्लिकेशनचे जुने ड्रायव्हरही बदलणं आलं. जी टीम दर टप्प्याला थोडं थोडं पुढे गेली तिच्यापुढे यातलं एकेकच काम एका वेळी येतं. थांबलेल्या टीमपुढे सगळी एकदम येतात, आणि तोवर ज्यांनी ती टेबलं बांधली ते नोकरी सोडून गेलेले असतात.

मायएस्क्यूएल शेलमध्ये अपग्रेड चेकर आहे. तो चालू ५.७ सर्व्हरवर लावता येतो आणि डेटात काहीही बदल करत नाही. राखीव शब्द, जुने कॅरेक्टर सेट, काढून टाकलेल्या सेटिंग, सगळ्यांची यादी देतो. पुढच्या बैठकीत ही यादी समोर ठेवा आणि अपग्रेड करायचं की नाही हा वाद मग तिच्यावर घाला. ज्यांना हात लावायचा नाही त्यांनी यादीतली कोणती ओळ अशक्य आहे ते दाखवावं.